थायरॉइडची गोळी वाढवण्याआधी

प्रश्न: माझं वय ३९, वजन ६४ किलो. तासगाव तालुक्यात शिक्षिका आहे, शाळा सकाळी सातची. दीड वर्षापूर्वी टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) ३८ आला, अँटी-टीपीओ (ग्रंथीवर उठलेल्या प्रतिकारशक्तीची तपासणी) पॉझिटिव्ह होतं. थायरॉक्सिन ५० पासून सुरू करून १०० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवलं. जानेवारीत टीएसएच १६, एप्रिलमध्ये ०.९ आणि ऑगस्टमध्ये पुन्हा ११.४ आला. मग गोळी १२५ ची केली. आता नोव्हेंबरच्या रिपोर्टमध्ये टीएसएच ९.८ आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) १.६ (नॉर्मल ०.८ ते १.८) आहे. डॉक्टर १५० करू म्हणतात. मी पहाटे पाचला उठून चहाबरोबर गोळी घेते. पित्ताची गोळी रोज चालू आहे. साडेसहाला नाश्त्याबरोबर रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी घेते. फेब्रुवारी ते मे केसांसाठी बायोटिन घेतलं. दिवाळीत गडबडीत दहा-बारा दिवस थायरॉइडची गोळी राहिली, पण तपासणीआधी आठ दिवस न चुकता घेतली. थकवा, केस गळणं, वाढलेलं वजन, सगळं तसंच आहे. नणंद म्हणते कोबी-फ्लॉवर बंद कर, सैंधव मीठ वापर, एक काढा थायरॉइड मुळापासून काढतो. गोळी खरंच आयुष्यभर घ्यावी लागेल का? धाकटी बहीणही ५० ची गोळी घेते, ती आता बाळाचा विचार करते आहे. आणि एक, माझी बाटली संपली की सासूबाईंच्या थायरॉइडच्या गोळ्या चालतील का? त्यांचा टीएसएच ०.०१ आहे.

उत्तर: ताई, शेवटच्या ओळीचं उत्तर आधी, कारण त्यात धोका आहे. सासूबाईंच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत आणि तुमच्या त्यांना चालणार नाहीत. टीएसएच ०.०१ म्हणजे बहुधा त्यांची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, तुमची कमी. त्यांच्या पाकिटावर बहुधा कार्बिमाझोल लिहिलेलं असेल. ते औषध थायरॉइडचं हार्मोन बनणं रोखतं. तुमची गोळी हार्मोनच आहे. घरात ‘थायरॉइडची गोळी’ या एकाच नावानं दोन उलट्या कामाची औषधं असतील, तर ती वेगळ्या कपाटात ठेवा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा.

आता तुमचे रिपोर्ट. त्यातल्या नुसत्या आकड्यांवरून डोस ठरवायचा म्हटलं, तर ते फसवतात, आणि त्याची कारणं वेगवेगळी आहेत. डोस १५० करण्याआधी हे निस्तरायला हवं.

हिशेब असा. ज्यांची ग्रंथी जवळपास पूर्ण निकामी झाली आहे, त्यांनाही साधारणपणे दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन रोज पुरतं. ६४ किलोला हा आकडा १०२ येतो. तुम्ही १२५ घेताय आणि तरी टीएसएच ९.८ आहे. गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोचत नाही, हा याचा एक अर्थ; नोव्हेंबरचं दुसरं कारण पुढे सांगतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ही थायरॉइडवरची मुकादम. हार्मोन कमी पडलं की ती टीएसएच वाढवून जास्त ओरडते. जानेवारी आणि ऑगस्टचं तिचं ओरडणं खरं होतं, पण माल वाटेतच अडत होता.

तो अडतो तो चहात, लोहात आणि कॅल्शियममध्ये. थायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं आणि त्यासाठी पोट रिकामं लागतं. दुधाचा चहा किंवा कॉफी बरोबर घेतली की शोषण घटतं. लोह आणि कॅल्शियम तर थायरॉक्सिनला चिकटून बसतात आणि ते शोषलं न जाता शौचावाटे निघून जातं. म्हणून या दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर सांगतात. तुमच्याकडे ते दीड तासाचं आहे. ॲसिडिटीवरची पांढरी-गुलाबी पातळ औषधं आणि सुक्रालफेट यांनाही हाच चार तासांचा नियम लागू. पित्ताच्या रोजच्या गोळीचं (पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल वगैरे) मात्र वेगळं आहे. ती पोटातलं आम्लच दिवसभर कमी करते, आणि थायरॉक्सिनची गोळी विरघळायला आम्ल लागतं, त्यामुळे वेळेचं अंतर ठेवून तो प्रश्न सुटत नाही. ती कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिली होती हे डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे ही गोळी पंधरा दिवसांसाठी लिहिली जाते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. खरंच लागत असेल तर ती चालू ठेवून थायरॉक्सिनचा डोस तिच्याशी जुळवता येतो, पण मग ती मधेच बंद किंवा सुरू करू नका.

एप्रिलचा ०.९ पाहून सगळ्यांना वाटलं असेल की जमलं. तेव्हा तुम्ही बायोटिन घेत होता. केसांच्या गोळीत बहुतेकदा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. अनेक लॅबची टीएसएच मोजायची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त दिसू शकतो. तुमच्या शरीरात बिघाड नसतो, मोजणीत असतो. तपासणीआधी किमान दोन दिवस, डोस मोठा असेल तर आणखी एक-दोन दिवस, बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा. मल्टिव्हिटॅमिनच्या आणि ‘स्किन-हेअर-नेल’च्या गोळ्यांवरची बारीक अक्षरंही वाचा, त्यातही ते असतं.

नोव्हेंबरच्या रिपोर्टचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. टीएसएच वाढलेला आणि फ्री टी-४ मात्र वरच्या टोकाला, अशी जोडी दिसली की बहुतेकदा गोळ्या मधे चुकलेल्या असतात आणि तपासणीच्या तोंडावर नियमित घेतलेल्या असतात. फ्री टी-४ चार-आठ दिवसांत वर येतो. टीएसएच सावकाश हलतो, त्याला सहा आठवडे लागतात. कारण थायरॉक्सिन रक्तात अर्धं व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि पातळी स्थिरावायला त्याच्या पाच-सहा पट वेळ जातो. त्यातून गोळी घेऊन लगेच रक्त दिलं असेल, तर फ्री टी-४ काही तास आणखी फुगलेला दिसतो. डॉक्टरांपुढे फक्त आकडा होता. चहा, लोह आणि दिवाळी तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. हे सांगायला संकोच वाटतो, बोलणी बसतील असं वाटतं; तरी सांगा, कारण न सांगितल्याची किंमत वाढलेला डोस म्हणून तुमचं हृदय आणि हाडं मोजतात.

आज १५० सुरू केली आणि पुढच्याच आठवड्यात चहाची सवय सुधारली, तर तीच गोळी तुम्हाला जास्त होईल. छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणं, घाम, चिडचिड, सैल शौच ही त्याची लक्षणं. महिनोन्‌महिने जास्त डोस राहिला तर हाडं ठिसूळ होतात, आणि वय झालेल्यांत हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून हे सगळं डॉक्टरांना सांगून, त्यांच्या संमतीनं सध्या १२५ वरच राहा, घेण्याची पद्धत बदला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. तेव्हा तो खाली गेला तर डोस उलट कमी करावा लागेल, कदाचित १०० वर. मधल्या काळात धडधड सुरू झाली तर सहा आठवडे थांबू नका.

तुमच्या वेळापत्रकात हे बसतं. गोळी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवा. पाचला डोळे उघडले की पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्या. चहा सहाला. एक तास उत्तम, अगदी घाई असेल तर अर्ध्या तासाच्या आत नाही. नाश्ता त्यानंतर. लोहाची गोळी शाळेतून आल्यावर दुपारी, चहा-दुधाशिवाय, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घ्या. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, कारण लोह आणि कॅल्शियमही एकमेकांच्या आड येतात. रात्री झोपताना थायरॉक्सिन घेतलं तरी चालतं, पण जेवणानंतर तीन तास जावे लागतात आणि मग कॅल्शियम दुपारी, लोहापासून लांब, हलवावं लागतं. पाचला उठणाऱ्या बाईला ते जमणं अवघड. चतुर्थी असो की नवरात्र, उपवासाच्या दिवशीही गोळी सोडायची नाही.

गोळी चुकलीच तर त्याच दिवशी पोट रिकामं असताना घ्या. दिवस उलटून गेल्यावर लक्षात आलं तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी तुमच्या वयात, हृदयविकार नसताना, चालतं. रात्री सात खणांची डबी भरून ठेवली की घेतली की नाही हा सकाळचा गोंधळ संपतो. पण एका वेळी एकाच आठवड्याच्या काढा, बाकीच्या मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून. ऊन, दमट हवा आणि उजेड यांनी ही गोळी खराब होते, त्यामुळे ओट्यावरची फळी, खिडकी आणि फ्रिजचा माथा या जागा नकोत. नवी बाटली घेताना दुकानातच दोन गोष्टी पाहा. एक, कंपनी तीच आहे का. बदलली तर सहा आठवड्यांनी टीएसएच करावा. दुसरी, आकडा. बाजारात १२.५ आणि १२५ दोन्ही मिळतात, आणि त्या टिंबात दहा पटीचा फरक आहे.

रक्त उपाशीपोटी द्यायची गरज नाही, पण दर वेळी साधारण एकाच वेळी, सकाळी द्या. टीएसएच पहाटेकडे वर आणि दुपारी खाली असतो. त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या. अँटी-टीपीओ पुन्हा करू नका. तुमचा आजार हाशिमोटो थायरॉइडायटिस (आपल्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथी निकामी होणं) आहे हे त्यानं एकदा सांगितलं आहे. पुढे तो आकडा वाढला-घटला तरी उपचार बदलत नाही, पैसे मात्र जातात.

नियमित, बरोबर पद्धतीनं घेऊनही टीएसएच खाली आला नाही, तर शोध आतड्यात आणि पोटात घ्यायचा. हाशिमोटो असलेल्यांत दुसरे स्वप्रतिकार आजार जास्त आढळतात. जठराच्या आतल्या अस्तराच्या सुजेचा एक प्रकार असा असतो की त्यात आम्ल बनत नाही. मग थायरॉक्सिनही नीट शोषलं जात नाही आणि बी-१२ ही नाही. दुसरा सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणं. त्यासाठी रक्तात टीटीजी-आयजीए ही तपासणी करतात, आणि ती होईपर्यंत चपाती बंद करायची नसते, नाहीतर तपासणी खोटी निगेटिव्ह येते.

थकव्यासाठी सगळा दोष थायरॉइडवर टाकू नका. रक्तवाढीची गोळी चालू आहे म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणार. थायरॉइड कमी असताना पाळीत अंगावरून जास्त जातं, त्यातून लोह घटतं, आणि लोह घटलं की केस गळतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) एकदा करून घ्या. फेरिटिन कमी निघालं तर केसांसाठी बायोटिनपेक्षा लोहाचा उपयोग जास्त होईल. घरचे सांगत असतील की तुम्ही जोरात घोरता, दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेतला श्वास अडखळतो का तेही पाहावं लागेल. वजनाबद्दल खरं तेच सांगायला हवं. थायरॉइडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलो असतं, त्यातलं पुष्कळसं पाणी आणि मीठ. टीएसएच सुधारल्यावर तेवढंच उतरेल. त्याहून जास्तीसाठी आहार आणि चालणंच. वजन उतरावं म्हणून थायरॉक्सिन वाढवणं धोक्याचं आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, क्वचित असली तरी. थकव्याबरोबर तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडणं, उभं राहिल्यावर चक्कर, खारट खावंसं वाटणं, उलट्या, वजन कमी होत जाणं असं दिसलं तर मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीची तपासणी, सकाळी आठचं कॉर्टिसोल, आधी हवी. कॉर्टिसोल कमी असताना थायरॉक्सिन दिलं किंवा वाढवलं तर जिवावर बेततं. तिथे स्टेरॉइड आधी सुरू करतात. आणि तुमच्या ओळखीत एखादी बाई अशी असेल की बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, अंगावर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही आणि तेव्हापासून ती थकलेली आहे, तर तिला हार्मोन तज्ज्ञाकडे पाठवा. पिट्यूटरीच निकामी झाली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो आणि फ्री टी-४ कमी. नुसता टीएसएच करणारे तिला ‘थायरॉइड नाही’ म्हणून घरी पाठवतात.

नणंदबाईंचा हेतू चांगला आहे. शिजवलेला कोबी-फ्लॉवर आपण जेवढा खातो तेवढा चालतो. साधं सैंधव वापरू नका. त्यात आयोडीन नसल्यातच जमा असतं. घरात आयोडीनयुक्त मीठच ठेवा, मुलांसाठी तर नक्की. पण म्हणून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्याही नकोत, हाशिमोटोत त्या ग्रंथीचं काम आणखी मंदावतात. काढ्यानं हा आजार मुळापासून जात नाही, कारण मूळ ग्रंथीवर उठलेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीत आहे. अशा काही पुड्यांत न सांगता मिसळलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे, आणि अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, म्हणजे पुढचा रिपोर्ट पुन्हा फसवा. टीएसएच ३८ आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असताना गोळी बहुतेक कायमची लागते. हिची सवय लागत नाही. ग्रंथीनं जे बनवायचं तेच आपण बाहेरून देतो. बाळंतपणानंतर किंवा मानेत दुखून आलेल्या थायरॉइडच्या सुजेत गोळी पुढे बंद होऊ शकते, तुमचं प्रकरण तसं दिसत नाही.

सासूबाईंसाठी दोन सूचना. कार्बिमाझोल घेत असताना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करायचं. पहिल्या तीन महिन्यांत विशेषतः. क्वचित या औषधानं पांढऱ्या पेशी एकदम घटतात, आणि साधा ताप समजून पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढले तर संसर्ग जिवावर येऊ शकतो. डोळे-लघवी पिवळी दिसली तरी तसंच. दुसरं, उपचार सुरू झाल्यावरही त्यांचा टीएसएच कित्येक महिने दबलेलाच राहतो, म्हणून सुरुवातीला फ्री टी-४ आणि टी-३ बघून डोस ठरवतात. नुसत्या टीएसएचवरून गोळी वाढवत नेली तर त्या उलट्या बाजूला जातील. आजार ग्रेव्हज (प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त काम करायला लावते तो) असेल तर गोळ्या साधारण १२ ते १८ महिने देतात. ग्रंथीत जास्त काम करणारी गाठ असेल तर गोळ्यांनी ती जात नाही, आणि तिथे रेडिओआयोडीन (ग्रंथीतल्या पेशी नष्ट करणारं किरणोत्सर्गी आयोडीन) किंवा ऑपरेशन हा पक्का उपाय आहे. रेडिओआयोडीनचे उपचार मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कित्येक दशकं होत आले आहेत. सासूबाईंच्या नाडीचे ठोके अनियमित लागतात का, ते मात्र या आठवड्यात ईसीजी काढून बघा.

बहिणीनं दिवस जाण्याआधीच टीएसएच करून घ्यावा, तो २.५ च्या खाली असलेला बरा. साधारण पहिले तीन महिने बाळाची ग्रंथी काम करत नाही, ते आईच्याच थायरॉइडवर वाढतं, त्यामुळे ‘गरोदरपणात औषध नको’ म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. आठवड्याला सात ऐवजी नऊ गोळ्या घेतल्या की हिशेब जमतो, पण हे डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्यावं, म्हणजे पहिल्या भेटीपर्यंत दिवस वाया जात नाहीत. मग पाच महिन्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. आरोग्य केंद्रातून लोह-कॅल्शियम मिळू लागेल तेव्हा चार तासांचा नियम तिलाही. बाळंतपणानंतर डोस पूर्वीचाच करायचा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. बाळाचा टीएसएच तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतल्या थेंबभर रक्तावर करून घ्यायला सांगा. बाळ दिसायला सुदृढ असलं तरी करायचा. जन्मतः ग्रंथी नसलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झालं, तर त्याच्या बुद्धीची वाढ बहुधा इतर मुलांसारखीच होते.